एक वाटी म्हणजे किती?

माझ्या स्वयंपाकघरात स्टीलच्या तीन वाट्या आहेत. त्यांच्या कडेला ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशी अक्षरं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली आहेत, लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतात तशी. आमच्या कामाच्या मावशींची समजूत अशी, की ही माझ्या मुलांची आद्याक्षरं. मला एकच मुलगी आहे आणि तिचं नाव ‘स’वरून. खरं म्हणजे त्या वाट्या माझ्या पहिल्या नोकरीतल्या. नोकरी संपली आणि वाट्या परत करायच्या राहून गेल्या.

१९९४ चा हिवाळा होता. गृहविज्ञानातली एम.एस्सी. नुकतीच पदरात पडली होती आणि सोलापूर जिल्ह्यात गरोदर बायकांच्या आहाराचं एक लहानसं सर्वेक्षण चाललं होतं, त्यात मी अन्वेषक म्हणून लागले. आम्ही चौघी मुली, एक जीप, एक वजनकाटा, उंचीची पट्टी आणि प्रत्येकीच्या पिशवीत या तीन वाट्या. शिवाय पुठ्ठ्याच्या तीन चकत्या, भाकरीच्या मापाच्या. कामाचं नाव भारदस्त होतं, ‘चोवीस तासांचा रिकॉल’. म्हणजे घरात जाऊन बसायचं आणि विचारायचं, काल सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत काय काय खाल्लं-प्यालं? आमटी किती, या वाटीएवढी की त्या? भाकरी केवढी, या चकतीएवढी की त्या? ते फॉर्मवर लिहायचं. संध्याकाळी खोलीवर बसून वाट्यांचे ग्रॅम करायचे, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पुस्तकात बघून ग्रॅमचे उष्मांक, प्रथिनं, लोह. सकाळी ‘कालवण’ असलेली गोष्ट रात्रीपर्यंत दोन दशांश चिन्हांची संख्या झालेली असे. त्या दशांश चिन्हाचा मला तेव्हा फार अभिमान होता.

पहिल्याच आठवड्यात एका बाईने माझ्या वाट्या हातात घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाली, “वाटी कुठनं आली मधी?” तिचं बरोबर होतं. त्यांच्या घरात भाकरी ताटात कुस्करायची आणि कालवण वरून ओतायचं. वाटी पाहुण्याला. तिच्या घरी दोन वाट्या होत्या, त्यांतली एक देवापुढे. बरं, ती जेवते कधी, तर सगळ्यांचं झाल्यावर. किती जेवते, तर “उरल तेवढं.” ‘उरल तेवढं’ याचे ग्रॅम करून बघा. मी केले. ‘ब’ वाटी, अर्धी.

एका घरातली गोष्ट मात्र मला तीस वर्षं झाली तरी सोडत नाही. सून सातव्या महिन्यात होती, अंगाने काटकुळी, आमच्या काट्यावर ३८ किलो. मी तिला विचारत होते आणि उत्तरं सासू देत होती. “दूध घेता का, ताई?” “देतो की. रोज पेलाभर. पोटुशी बाई हाय, दूध नको?” सून खाली बघून पदराच्या टोकाला पीळ घालत होती. दहा मिनिटांपूर्वीच, मी उंबऱ्यात चप्पल काढत असताना, घरचा मुलगा सायकलला कॅन लावून डेअरीवर निघालेला मी पाहिला होता. चहा आला तो कोरा होता. पण फॉर्ममध्ये रकाना होता तो उत्तराचा. मी काय पाहिलं याला रकाना नव्हता. मी लिहिलं: दूध, ‘क’ वाटी, एक.

सासूबाई खोटारड्या होत्या असं मला तेव्हाही वाटलं नाही. जीपमधून उतरलेली, चष्मा लावलेली, हातात फॉर्म घेतलेली पोरगी घरातल्या अन्नाबद्दल विचारते आहे. आपल्याकडे जेवण ही अब्रूची गोष्ट आहे. ‘सुनेला दूध देत नाही’ असं परक्या माणसाला कोण सांगेल? उत्तर विचारणाऱ्याकडे बघून दिलं जातं. मीसुद्धा माझ्या डॉक्टरांना गेली पाच वर्षं ‘चालायला जाते’ असं सांगते आहे.

इंग्रजीतल्या ‘बायस’ला मराठीत पूर्वग्रह म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द पुरत नाही, कारण त्यात कुणाच्या तरी मनात काळंबेरं असल्याचा वास येतो. आठवडी बाजारातला ‘पासंग’ त्याहून जवळचा वाटतो. तराजूचं एक पारडं मुळातच जरा जड असतं. वाण्याने ते मुद्दाम केलेलं असेल किंवा दांडी वापरून वापरून वाकलेली असेल, गिऱ्हाइकाला फरक सारखाच पडतो. हात हलला, वारा आला म्हणून होणारी चूक कधी इकडे जाते, कधी तिकडे. शंभर वेळा तोललं की ती एकमेकींत फिटते. पासंग फिटत नाही. लाख वेळा तोला, लाख वेळा तेवढंच कमी भरेल. वर आकडा मोठा म्हणून भरवसा वाढतो तो वेगळाच. ‘एक लाख लोकांवर केलेला अभ्यास’ असं वर्तमानपत्रात वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे एक लाख सासवा येतात.

हा पासंग किती, हे मोजायची एक युक्ती आहे, आणि ती मला फार आवडते. माणसाला जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी प्यायला देतात. दोन्ही शरीराबाहेर वेगवेगळ्या वेगाने पडतात. पुढचे काही दिवस लघवी तपासत राहिलं की त्या फरकावरून शरीराने किती ऊर्जा जाळली ते काढता येतं. वजन स्थिर असेल तर जाळलं तेवढंच खाल्लं असणार. माणसांवर ही रीत १९८० च्या दशकात वापरात आली आणि सांगितलेलं खाणं व जाळलेली ऊर्जा यांचा ताळा लागेना. लोक खाणं कमी सांगतात. अंगाने जाड असलेले लोक आणखी कमी. लघवीला अब्रू नसते, म्हणून तिचं उत्तर खरं.

आता जरा आमच्या घरातली गोष्ट. १९८७ मध्ये वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: तूप बंद, खोबरं बंद, करडईचं तेल. आईने तुपाची बरणी शेजारच्या काकूंना देऊन टाकली. वडील पुरणपोळी दुधाशी खायला शिकले. वरणभातावर ते बोटाने खड्डा करत, सवयीने, आणि मग त्यात काहीच नाही म्हणून पुन्हा बुजवत. ते २००६ पर्यंत जगले. यावरून काय सिद्ध होतं? काहीही नाही. तुपासह ते पाच वर्षं कमी जगले असते किंवा पाच वर्षं जास्त, हे सांगायला दुसरे, तूप खाणारे वडील हवेत.

करडईमागचा तर्क साखळीसारखा होता. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं की हृदयविकार वाढतो. तुपातल्या संपृक्त मेदाने कोलेस्टेरॉल वाढतं, करडईच्या तेलाने उतरतं. म्हणून करडईने माणसं वाचतील. शेवटची कडी सोडली तर बाकीच्या मोजून पाहिलेल्या होत्या. शेवटच्या कडीसाठी मेलेली माणसं मोजावी लागतात, आणि ती मोजली गेली होती. थेट करडईवरच. सिडनीत, १९६६ ते १९७३ या काळात.

हृदयविकार झालेले ४५८ पुरुष, ३० ते ५९ वयाचे. अर्ध्यांना संपृक्त मेद कमी करून करडईचं तेल आणि करडईचंच मार्गारीन, म्हणजे लोण्याऐवजी लावायचा तेलाचा घट्ट लेप, खायला सांगितलं, उरलेल्यांना तसा काही सल्ला दिला नाही. करडईवाल्यांचं कोलेस्टेरॉल उतरलं, ठरल्याप्रमाणे. पण त्यांच्यातले १७.६ टक्के दगावले आणि दुसऱ्या गटातले ११.८ टक्के. एकूण मृत्यूंची ही गोष्ट १९७८ मध्ये छापून आली होती. त्यांतले हृदयविकाराने किती, हे मात्र आलं नव्हतं. मूळ माहिती जुन्या चुंबकीय फितीवर पडून होती. अमेरिकेतल्या क्रिस्टोफर रॅम्सडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वाचून घेतली आणि २०१३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हृदयविकाराचे मृत्यूही करडईच्या गटात जास्त असल्याचं मांडलं. आमच्या वडिलांचं तूप बंद झालं तेव्हा ती फीत कुठल्या तरी कपाटात होती.

अमेरिकेतल्या मिनेसोटातली चाचणी याहून मोठी. १९६८ ते १९७३, एक वृद्धाश्रम आणि सहा मनोरुग्णालयं, ९,४२३ माणसं. जेवण रुग्णालयाच्याच स्वयंपाकघरातून येणारं, त्यामुळे ‘काल काय खाल्लं’ हा माझा प्रश्न तिथे विचारायचीही गरज नव्हती. इथे मक्याचं तेल होतं. कोलेस्टेरॉल उतरलं, मृत्यू कमी झाले नाहीत. चाचणी संपली १९७३ मध्ये आणि तिचा मुख्य लेख छापला १९८९ मध्ये. सोळा वर्षं! उरलेली माहिती प्रमुख संशोधक इव्हान फ्रँट्झ यांच्या मागे घराच्या तळघरात खोक्यांत राहिली होती. ती त्यांच्या मुलाने शोधून दिली आणि २०१६ मध्ये तिचा नव्याने हिशोब झाला.

लगेच कुणी तुपाचा डबा उघडायला जाऊ नये. सिडनीची चाचणी लहान होती आणि त्या काळच्या मार्गारीनमध्ये आणखी काय होतं याबद्दल वाद आहे. मिनेसोटात बरेचसे लोक वर्षाच्या आतच रुग्णालयातून घरी गेले. इतर चाचण्या एकत्र धरल्या तर संपृक्त मेदाच्या जागी वनस्पती तेलं आल्याने फायदा होतो असंच आजही बहुतेक तज्ज्ञ मंडळं मानतात. तूप निर्दोष सुटलेलं नाही, करडईला फाशीही झालेली नाही. मला टोचतं ते इतकंच, की ज्या दोन चाचण्यांचं उत्तर अपेक्षेविरुद्ध आलं त्या दोन्हींची अर्धी गोष्ट फितीवर आणि तळघरात राहिली. मला वाटतं, यात कुणी खलनायक नव्हता. फ्रँट्झ यांना आपलं गृहीतक मनापासून पटलेलं होतं. उत्तर आवडलं नाही की आपण परत तपासायला घेतो, आवडलं की तपासत नाही. तेवढ्यानेही पारडं झुकतं.

कधीकधी वाणी खरोखरच बोट लावतो. १९६७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हार्वर्डच्या तिघांनी हृदयविकार आणि आहार यांचा एक मोठा आढावा लिहिला. दोष मेदाचा, साखरेचा फारसा नाही, असा त्याचा सूर होता. त्यासाठी ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’ने ६,५०० डॉलर दिले होते, आणि लेखात त्याचा उल्लेख नव्हता. हे उघडकीला आलं २०१६ मध्ये, क्रिस्टिन कर्न्स या दंतवैद्य संशोधक बाईंनी जुना पत्रव्यवहार धुंडाळला तेव्हा. काही इतिहासकारांचं म्हणणं असंही आहे, की त्या काळी उद्योगांकडून पैसे घेणं ही सर्रास रीत होती आणि त्या तिघांची मतं आधीपासून तीच होती, तेव्हा यात कट शोधण्यात अर्थ नाही. असेलही. साखरेच्या पट्ट्यात दिवस काढलेल्या मला या गोष्टीचं मोठं आश्चर्य काही वाटलं नाही. उसाला पाणी कुणी दिलं हे विचारल्याशिवाय तिकडे कुणी उसाबद्दल बोलत नाही.

पैशाच्या गोष्टी चविष्ट असतात, म्हणून लोक तिथेच थांबतात. माझ्या मनात घर करून बसलेलं संशोधन वेगळं आहे आणि ते आपल्याच मुलखातलं आहे.

मी सोलापूरकडे वाट्या घेऊन हिंडत होते, जवळजवळ त्याच काळात पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या मंडळींनी गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला होता. आमच्यापेक्षा फार मोठा, फार काटेकोर. त्यातल्या ७९७ बायकांच्या आहारावरचा लेख २००१ मध्ये आला. आई किती उष्मांक खाते, किती प्रथिनं खाते, याचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, पालेभाज्या आणि फळं यांच्याशी. ज्या बायका हे जास्त वेळा खात, त्यांची बाळं मोठी. सरासरी वजन २,६६५ ग्रॅम असलेल्या त्या बाळांच्या गावांत ही केवढी आशेची बातमी होती! परड्यातल्या मेथीने जर बाळ सुधारत असेल तर आणखी काय हवं?

पण मेथी खाणारी बाई आणि न खाणारी बाई यांच्यात फक्त मेथीचा फरक नसतो. जिच्या घरी मेथी, तिच्या घरी विहीर. विहीर, म्हणून म्हैस. म्हैस, म्हणून दूध. आणि तिची सासू कदाचित तिला ताट आधी वाढत असेल. आकडेशास्त्रात या गोष्टी वजा करायच्या रीती आहेत आणि त्यांनी त्या वापरल्याही. पण जे विचारलंच नाही ते वजा कसं करणार?

तेव्हा खरी परीक्षा म्हणजे चिठ्ठ्या टाकून बघणं. ती मुंबईत झाली. ‘सरस’ हे तिचं नाव. २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ६,५१३ बायकांना चिठ्ठ्यांप्रमाणे दोन गटांत घातलं. त्या गरोदर राहण्याआधीपासून. एका गटाला रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ, दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. आणि खाऊ घरी न्यायचा नाही. केंद्रावर येऊन, समोर बसून खायचा. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक नसतानाही मनातल्या मनात पान दुमडून ठेवलं. कुणीतरी सासूला ओलांडून गेलं होतं. वाटी मध्ये नव्हती, आठवण मध्ये नव्हती, अब्रू मध्ये नव्हती. वस्तीतली बाई येते, खाते, दुसरी बाई खूण करते.

निकाल २०१४ मध्ये छापून आला. हिरव्या खाऊच्या गटातली बाळं सरासरी २६ ग्रॅमनी जड निघाली. पण अंदाजाची कक्षा होती १५ ग्रॅम कमीपासून ६८ ग्रॅम जास्तपर्यंत. म्हणजे फरक आहेच असं म्हणता येईना. वर्षानुवर्षांची मेहनत, आणि लेखाच्या सारांशात त्यांनी तेच लिहिलं: एकंदरीत परिणाम दिसला नाही. खाली आणखी आकडे होते. ज्यांनी गर्भ राहण्याआधी किमान तीन महिने खाऊ सुरू केला होता, त्यांच्यात ४८ ग्रॅमचा फरक. पुढे २०१६ मध्ये असंही आलं, की गरोदरपणातला मधुमेह हिरव्या गटात ७.३ टक्के आणि दुसऱ्या गटात १२.४ टक्के. ‘भाजी खा, मधुमेह टाळा’ असा मथळा यातून पाच मिनिटांत निघेल. पण चाचणी मुळात बाळाच्या वजनासाठी मांडली होती. बाकीचं वाटेत सापडलेलं. वाटेत सापडलेली गोष्ट खरीही असते, पण ती पुन्हा शोधायला निघावं लागतं. त्या मंडळींनी आधी जे ठरवलं होतं ते उत्तर आधी सांगितलं, नकोसं असूनही. आपल्याकडे २००९ पासून औषधांच्या चाचण्या सुरू होण्याआधीच काय मोजणार ते नोंदवणं सक्तीचं आहे, ते याचसाठी. गोळी लागल्यावर भिंतीवर वर्तुळ काढायला नको.

त्या लेखातला आणखी एक तक्ता मी पुन्हा पुन्हा बघते. बायकांची त्यांच्या अंगलटीप्रमाणे विभागणी केलेली आहे. अंगाने भरलेल्या बायकांत फरक ९६ ग्रॅम. बेताच्या बायकांत ३४. आणि सगळ्यात हडकुळ्या बायकांत, जिथे सगळ्यात जास्त गरज, तिथे उणे २३. सुटं सुटं धरलं तर यातल्या एकेका आकड्यावर भार टाकता येत नाही, पण ही उतरंड निव्वळ योगायोगाची असावी असं वाटत नाही. कदाचित उपाशी शरीर आलेलं अन्न आधी स्वतःलाच पुरवत असेल. कदाचित तिला भाजीच्या आधी भाकरीच हवी असेल. हा तक्ता बघताना मला दर वेळी ३८ किलोचा तो काटा दिसतो.

तिच्या फॉर्मवर दुधाच्या खाली पालेभाजीचा रकाना होता. पालक, मेथी, शेपू, चाकवत, अशी छापील यादी. मी विचारलं, या आठवड्यात पालेभाजी खाल्ली? या खेपेला सासू काही बोलायच्या आत सूनच म्हणाली, “भाजी कुठली, बाई. बाजार शुक्रवारी.” मी ‘नाही’वर खूण केली, तिचा अंगठा घेतला, वाट्या पिशवीत टाकल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. अजून दोन घरं व्हायची होती.

मी जीपपाशी पोचले तेव्हा ती मागून आली. ओटीचा घोळ एका हाताने धरलेला. त्यात करडईची कोवळी पानं होती, त्याच सकाळी विरळणी करताना वावरातून खुडलेली, अजून दवाने ओली. तिने दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत घातली. “न्या, बाई. आमच्यात तर रोजचंच हाय, तुम्हास्नी कोन देनार हितं.”

रात्री मेसच्या मावशींनी ती लसूण आणि हिरवी मिरची घालून परतली. आम्ही चौघींनी ज्वारीच्या भाकरीशी खाल्ली, आणि कंदिलापाशी बसून दिवसाचे फॉर्म पुरे केले. तिच्या फॉर्मवर दूध, ‘क’ वाटी, एक. पालेभाजी, नाही.